रॅम्पवरचा जवळा

त्याचे डोळे उघडे होते. दोन काळे ठिपके, मोहरीहून बारीक, आणि त्यांच्यामागे आरपार दिसणारं, जरासं गुलाबी, नखाएवढं अंग — एकच जवळा, कसा कोण जाणे, व्हीलचेअरच्या डाव्या चाकाला चिकटून बसला होता आणि तिथून ऋतिकाकडे टक लावून बघत होता. तिनं तो नखानं काढला नाही. बघू दे. सकाळपासून माझ्याकडे कीव न करता बघणारा हा एकटाच, तोही मेलेला.

बाकीचे समोर होते. उंबऱ्यापाशी रॅम्प सुरू होतो तिथपासून तो खाली पाखाडीला, वाडीतल्या अरुंद वाटेला, टेकतो तिथपर्यंत, काठोकाठ, पहाटेच्या होड्यांतून उतरवलेला ओला जवळा पसरला होता. जवळा म्हणजे कोळंबीचं गरीब भावंड. वाळला की त्याची सुकट होते आणि पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तीच सुकट वाडीतल्या चुली पेटत्या ठेवते. रॅम्पच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी कठड्यांवर कोणाची तरी जाळी वाळत टाकलेली. मधला रॅम्प दिसतच नव्हता. दिसत होती एक उतरती गुलाबी चादर, आणि चादरीच्या ह्या टोकाला, दारात, नवा कुर्ता घालून, केस घट्ट बांधून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली मी.

नाक्यावर इन्स्टिट्यूटची गाडी येणार होती. इन्स्टिट्यूट म्हणजे विद्यापीठाची, अपंग माणसं आणि त्यांच्या भोवतालची माणसं अशा दोघांसाठी काम करणारी संस्था. तिचं पूर्ण नाव एवढं लांब आहे की दारावरच्या पाटीत ते मावलं नाही, म्हणून शेवटचे दोन शब्द बाजूच्या भिंतीवर गेलेत आणि नवखी माणसं ती वेगळी संस्था समजून तिथल्या खिडकीत जाऊन चौकशी करतात. त्या गाडीतून पालीच्या पलीकडे एका गावात जायचं होतं, गंगाराम नावाच्या माणसाकडे. गंगाराम गेल्या मोसमात आंबे काढताना झाडावरून पडला, कमरेखाली लुळा झाला, आणि तेव्हापासून माजघराच्या बाहेर आलेला नाही. इन्स्टिट्यूटनं त्याच्याकडे डॉक्टर पाठवला, व्यायाम शिकवणारी मुलगी पाठवली, समुपदेशक पाठवला. त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांकडे पाठ करून निजला. शेवटी अक्षयाताई गेली — इन्स्टिट्यूटची कार्यकर्ती, ऋतिकाला ह्या खुर्चीत पहिल्यांदा बसवणारी — तेव्हा तो भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"तुमच्यातलं कोणतरी पाठवा, जे आपलं आपण घराबाहेर पडतं. उचलून आणलेलं नको. उचललेलं माणूस मी रोज बघतो."

ताईनं ऋतिकाचं नाव सांगितलं. ती पडते बाहेर, म्हणाली. आणि परवा हे सगळं सांगून झाल्यावर ताईनं ऋतिकाकडे बघून विचारलं, "पडतेस ना?" — आणि मी म्हटलं, हो. एका सेकंदाचाही वेळ न घेता म्हटलं, जसं काही मी रोज पडते आणि वाडीला माझ्या पडण्याचा कंटाळा आलाय.

आज जमलं तर ह्यापुढे दर आठवड्याला जायचं, वेगवेगळ्या घरांत. इन्स्टिट्यूटमध्ये त्याला 'सोबती' म्हणतात, आणि ह्या किनाऱ्यावर अजून एकही सोबती नाही. नाही जमलं तर... ताई काही बोलली नव्हती, पण नाही जमलं तर पुन्हा सोमवारचा गट आणि मेणबत्त्या. माणसाला काहीही झालं, कणा मोडला, कान गेले, डोक्यात ताप गेला, की त्याला मेणबत्त्या करायला का बसवतात हे ऋतिकाला कधी कळलं नव्हतं. हात चालतात म्हणून? हात तर विनोदचेही चालतात — विनोद म्हणजे तिचा चुलतभाऊ — त्याला कोणी मेणबत्त्या करायला लावलं नाही. वाडीत वीज जाते हे खरं, पण एवढी जात नाही.

"विनोदला हाक मारू काय गो?" आतून आई म्हणाली. आई चुलीपाशी नव्हती, पाण्यापाशी नव्हती, दाराच्या मागेच कुठेतरी उभी होती, हे तिच्या आवाजाच्या जवळपणावरून कळत होतं. "तो काय, आत्ता उचलून ठेवील खाली."

"नको."

"मग काय करतंस? उडतंस?"

उडण्याचा पर्याय ऋतिकानं आधीच तपासून सोडून दिला होता.

विनोद उचलतो म्हणजे काय होतं हे आईला कोण सांगणार. तो न विचारता मागून येतो, एक-दोन-तीन असं स्वतःशीच म्हणतो — तीन कोणासाठी मोजतो, मी तर उडी मारणार नसते — आणि मग आभाळ तिरकं होतं, नाक त्याच्या काखेत जातं, आणि काखेतल्या त्या दमट हवामानात असताना खालून कोणीतरी हमखास विचारतं, काय गो ऋतिका, कुठं चाललीस? माणसानं काखेतून काय उत्तर द्यावं. पायात चप्पल नसते, कुर्ता पाठीवर वर चढलेला असतो, आणि विनोद सगळ्या पाखाडीला ऐकू जाईल अशा प्रेमानं म्हणतो, काय नाय, कापूस आहे आमची बाय. कापूस. चांगला मुलगा आहे. कधी नाही म्हणाला नाही, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणता येत नाही; वर्षानुवर्षं बाहेर जाण्यासाठी आधी विनोदचा मूड बघायचा, त्याचं जेवण झालंय का बघायचं, क्रिकेटची मॅच बघायची, आणि मग ठरवायचं की आपल्याला खरंच बाहेर जायचंय की नाही. बहुतेक वेळा नसायचं.

म्हणून तर रॅम्प झाला.

रॅम्प झाला त्याची गोष्ट इन्स्टिट्यूटवाले अजून सांगतात, परगावाहून आलेल्या पाहुण्यांना तर नक्कीच. घराचं जोतं चिऱ्याचं, उंच, भरतीच्या भीतीनं आजोबांनी बांधलेलं; त्याला पायऱ्या. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी येऊन उतार मोजला, सावली मोजली, ऋतिकाच्या खांद्यांची ताकद मोजली, आणि मग इन्स्टिट्यूटच्या पद्धतीप्रमाणे आधी वाडीची बैठक घेतली. कारण संचालक सरांचं म्हणणं असं, की रॅम्प हा एका माणसाचा नसतो, वस्तीचा असतो. वस्तीला तो आपला वाटला पाहिजे. बैठकीला एरवी कोणी येत नाही. त्या दिवशी सगळ्या बायका आल्या. मैना काकी पहिल्या रांगेत. ही समोरच्या घरातली, वाडीतल्या सुकट घालणाऱ्या बायकांची न निवडलेली पुढारी.

काकी म्हणाली, रॅम्प जरा रुंद करा. सर म्हणाले, किती? काकीनं दोन्ही हात पसरले, मग विचार करून अजून पसरले. दुसरी म्हणाली, तोंड दक्षिणेला करा, ऊन चांगलं लागेल, शेवाळ धरणार नाय. तिसरी म्हणाली, वरून खरखरीत ठेवा, बारीक रेघा मारा, पाणी निथळून जाईल. सरांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं वस्त्यांत काम करतोय, ते म्हणाले, पण एका मुलीच्या खुर्चीसाठी एवढा बारकाईनं विचार करणारी वस्ती मी पाहिली नाही. अक्षयाताई टाळ्या वाजवत होती. ऋतिका माडाखाली बसून बायकांचे चेहरे बघत होती, आणि तिला, फक्त तिलाच, आणि कदाचित त्या माडाला, कळलं होतं की ह्या बायका रॅम्प मागत नाहीयेत, ह्या सुकट घालायला खळं मागतायत.

काय बोलणार? सर रडत होते.

आता रॅम्पवरच्या सुकटीला रेती नाही, म्हणून तिला बाजारात नाव आहे. पालीच्या बाजारात मैना काकी ओरडून सांगते, रॅम्पचा माल आहे, दाताखाली खडा आला तर परत आणून द्या. गिऱ्हाइकांना वाटतं, रॅम्प हे एखादं गाव असावं, तिकडे नाटे गावाच्या बाजूला. इन्स्टिट्यूटच्या दर्शनी भिंतीवर ह्या रॅम्पचा मोठा फोटो लावलाय, कठड्यांवर जाळी लटकलेला, आणि खाली लिहिलंय की स्थानिकांनी आपल्या पारंपरिक कलेनं तो सजवला.

ऋतिकाचं हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं, कारण हसण्याच्या मागोमाग नेहमी ते वाक्य येतं. पहिल्यांदा जवळा घातला त्या दिवशीचं. सिमेंटला पाणी मारून झालं होतं, ते सुकून पांढरं पडलं होतं, आणि मैना काकी टोपली कमरेवर घेऊन पाखाडीत उभी राहून आईला विचारत होती, बकुळा, घालू काय गो हितं? आणि आईनं, ऋतिका तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर बसलेली असताना, सहज, भाताला पाणी ठेवायला सांगावं तसं सांगितलं —

घाल गो. ती कुठं जाते?

वाईट बोलायचं नव्हतं आईला. आईला वाईट बोलायचं असतं तर मी काहीतरी बोलले असते. पण ते वाईट नव्हतंच, ती तर नुसती माहिती होती, समुद्र पश्चिमेला आहे अशी. आणि त्यानंतर ज्या ज्या दिवशी जवळा आला त्या त्या दिवशी ती माहिती पुन्हा खरी ठरत गेली. रॅम्प रिकामा असायचा तेव्हा कुठे जायचं नसायचं. जायचं असायचं तेव्हा जवळा असायचा. काल संध्याकाळी तिनं दारातूनच काकीला सांगितलं होतं, काकी, उद्या नको हां, मला जायचंय. काकी म्हणाली होती, नाय घालत गो, जा तू, सोन्यासारखी जा. आणि मनापासून म्हणाली होती. पण पहाटे समुद्रानं जवळा दिला, आणि जवळा आला की ही माणसं स्वतःचं नाव विसरतात, तिथं माझं जाणं कुठे लक्षात राहायचं... आता सगळ्या बायका जेटीवर आहेत, दुसरी खेप आणायला. सगळ्या एकदम. ओरडायलासुद्धा कोणी नाही.

आई बाहेर आली, हातात खराटा. रॅम्पच्या वरच्या टोकाला उभी राहिली, खराटा टेकवला, आणि तिथंच थांबली. ओला जवळा लोटला की त्याचा लगदा होतो. शिवाय वरचा हा पट्टा, दारालगतचा, आईचा स्वतःचा होता. ऋतिका आईच्या पाठीकडे बघत राहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय. तो माझ्यामुळे आलाय. ह्या बाईनं मला आठ-नऊ वर्षं मोरीपर्यंत, दवाखान्यापर्यंत, परीक्षेच्या बाकापर्यंत वाहिलंय, आणि तिला एक खराटा मारता येत नाहीये. रागवायचं तर कोणत्या बाजूनं रागवायचं?

"आई, राहू दे."

"मग फोन कर त्यांना. सांग, उद्या या. गंगाराम काय पळून जातो काय?"

हे बोलून आई स्वतःच चपापली. ऋतिका मात्र तिच्याकडे जरा आदरानं बघायला लागली. आईला थट्टा जमते हे तिला नव्हतं माहीत.

फोन त्याच वेळी वाजला. अक्षयाताई.

"ऋतिका, आम्ही नाक्यावर आलोय. गाडी आत येत नाही, तुला माहितीये. येतेयस ना?"

"येतेय."

"सदूला पाठवू का मदतीला?" सदू म्हणजे ड्रायव्हर. चांगला धिप्पाड. त्याची काख कशी असेल कोण जाणे.

"पाठवू नका."

"नक्की? म्हणजे काही अडचण—"

"ताई, अडचण नाही. जवळा आहे." आणि तिनं फोन ठेवला. ताई चिपळूणची आहे, समजून घेईल. नाही तर गाडीतल्या बाकीच्यांना वाटेल, जवळा नावाचा माझा कोणी आहे.

ऊन रॅम्पवर चढायला लागलं होतं, आणि जवळ्याचा वास — ओला असताना तो समुद्राचा असतो, वाळताना तो माणसांचा व्हायला लागतो — तो वास वर आला आणि त्याच्याबरोबर, बोलावलेलं नसताना, ते आलं... रेती. रॅम्पच्या आधीची, आजाराच्या आधीची, जेटीच्या अलीकडची रेती, तिच्यावर ताडपत्रीवर पसरलेला मैना काकीचा जवळा, आणि शाळेतून पळत आलेली मी. वळसा घालायला वेळ होता, जागाही होती. मी सरळ मधून गेले. पायाखाली तो थंड, कुरकुरीत, जिवंत असल्यासारखा स्पर्श, आणि पलीकडे पोचून मागे बघितलं तर गुलाबीत माझी पावलं उठलेली, बोटांसकट, कोणीतरी मुद्दाम काढल्यासारखी. आणि काकी. खराटा घेऊन, पदर खोचून, माडांतून मागे धावणारी काकी, आणि तिच्या तोंडची ती शिव्यांची सर, माझ्या आज्यापासून सुरू होऊन माझ्या न झालेल्या नवऱ्यापर्यंत जाणारी. मी हसत होते आणि पळत होते आणि मला खरंच भीती वाटत होती, तिन्ही एकदम.

नंतर मणक्याला क्षय झाला. नववीत. मुंबईचं हॉस्पिटल, ते छत, सलाइनची ती टपटप... परत आले तेव्हा काकी पहिली भेटायला आली आणि मला बघून म्हणाली, माझी गुणाची पोर ती. तोपर्यंत मी कोणाची गुणाची पोर नव्हते. त्या दिवसापासून वाडीत मला कोणी शिवी दिली नाही. ताट फेकलं तरी नाही. आईला वाटेल ते बोलले तरी, 'जाऊ दे, तिचं दुखतं'. विनोदच्या लग्नात मी रागानं सगळ्यांदेखत त्याच्या सासूच्या साडीवर सरबत सांडलं, ठरवून, तोल सांभाळून सांडलं, आणि ती बाई मलाच म्हणाली, लागलं नाय ना गो तुला? माझं काही चुकतच नव्हतं. इतकी वर्षं माझं एकदाही काही चुकलेलं नाही. मेलेल्या माणसाचं जसं काही चुकत नाही.

ऋतिकानं पिशवीचे बंद मानेत अडकवले. चाकांच्या कड्यांवर हात ठेवले.

"ए," आई म्हणाली. "ए ऋतिका. ओला आहे तो. घसरशील."

इन्स्टिट्यूटमध्ये उतरायला शिकवतात. पाठ मागे टेकवायची, कड्या तळव्यांतून हळूहळू सोडायच्या, नजर समोर. तिथला सरावाचा उतार कोरडा, बंद खोलीत, खाली गादी, आणि शिकवणारा मुलगा फार सभ्य. त्याच खोलीत सोबत्यांची वाक्यंही शिकवतात: मी तुमच्या भावना समजू शकते. तुम्ही एकटे नाही. तुम्हाला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे. ऋतिकानं ती पाठ केली होती आणि प्रत्येक वेळी म्हणताना तिला विमानतळावरच्या घोषणेसारखं वाटायचं, जरी ती विमानतळावर कधी गेली नव्हती. तरी इन्स्टिट्यूटबद्दल तिचं वाईट मत नाही. धडधाकट माणसांना एक दिवस व्हीलचेअरवर बसवायचा त्यांचा जो कार्यक्रम असतो, त्यात गेल्या वर्षी संचालक सर स्वतः बसले आणि आपल्याच इमारतीच्या संडासाच्या दारात अडकले. बाहेर विद्यार्थ्यांना वाटलं, सर चिंतन करतायत. महिन्याभरात ते दार रुंद झालं. बाकीचे अडकतात आणि त्यावर लेख लिहितात. सरांनी भिंत फोडली.

पुढची बारकी चाकं उंबऱ्यावरून उतरली आणि जवळ्यात शिरली.

आवाज आला. फार बारीक, कोणीतरी दाराआड पापड मोडावा तसा. पहिला पट्टा आईचा. मागे तिच्या मुठीत खराटा करकरला. तळव्यांतल्या कड्या ओल्या झाल्या, मग बुळबुळीत. तिनं पाठ मागे टेकवली, नजर समोर ठेवली, आणि समोर पाखाडी, पाखाडीपलीकडे काकीचं घर, काकीच्या कौलांवर समुद्राची एक निळी पट्टी... कड्या सोड. हळू सोड. हे चिरडलेलं कोणी खाणार नाही, हे आता कलमांना खत म्हणून जाईल, कदाचित पालीकडेच जाईल, आणि कुठल्या तरी झाडाला ह्याच्यावर आंबा लागेल आणि तो काढायला कोणीतरी चढेल... हळू. मागे दोन पट्टे उमटत असणार. वळून बघायची सोय नव्हती. पण असणार.

मध्यावर खुर्ची घसरली. गादीवरच्या सरावात ह्याला काही नाव दिलं होतं, ते आठवेपर्यंत तिचं पुढचं चाक आडवं झालं, सगळा रॅम्प एका बाजूनं वर आला, आणि ती डाव्या कठड्यावर जाऊन आदळली. पडली नाही. पडली नाही कारण कठड्यावरच्या जाळ्यात खुर्चीची मूठ अडकली, पिशवी अडकली, आणि डाव्या हाताचं कोपर अडकलं. ऋतिका तशीच, तिरकी, श्वास लागलेली, जाळ्यात टांगून राहिली. सात पिढ्या ज्या घरानं मासे पकडले त्या घराची मुलगी जाळ्यात सापडली होती, तेही जमिनीवर. गंगाराम, तुम्ही निदान झाडावरून पडलात. त्याला एक उंची आहे.

"माझा जवळा!"

पाखाडीत मैना काकी उभी होती. डोक्यावर दुसऱ्या खेपेची टोपली, मागे आणखी दोघी-तिघी. काकीनं वरपासून खालपर्यंत रॅम्प बघितला, ते दोन लांब पट्टे बघितले, पट्ट्यांच्या टोकाला लटकलेली ऋतिका बघितली — पण ऋतिकाला तिनं सगळ्यात शेवटी बघितलं, आणि तोपर्यंत तोंड सुटलं होतं.

"ए भवाने! डोळे फुटले काय गो तुझे? सगळा माल मातीत घातलास. एवढा रस्ता सोडून ह्यातनंच जायचं होतं तुला? थांब, थांब तू तिथं, तंगडीच मोडून हातात देत्ये तुझी—"

आणि सगळं थांबलं.

मागच्या बायका एकमेकींकडे बघेनात. वर दारात आईनं खराटा उराशी धरला होता. एक कावळा जवळ्यावर उतरला, त्यानं वातावरण पाहिलं आणि तो परत गेला. मैना काकीचं तोंड अजून उघडंच होतं, आणि तिचा उजवा हात, टोपलीचा सोडलेला, हळूहळू त्या तोंडाकडे निघाला होता.

ऋतिकाला फक्त तो हात दिसत होता. तो तोंडापर्यंत पोचला की संपलं. मग डोळ्यांत पाणी येईल, मग माझी गुणाची पोर ती, मग विनोदला हाक, एक-दोन-तीन, आणि मी पुन्हा कापूस. इतक्या वर्षांनी शिवी आलेली आहे, पुरी, ताजी, माझ्या नावाची, आणि ही बाई ती परत घेतेय.

"काकी," ती म्हणाली. आवाज चिरका आला. "हात खाली घे."

हात हनुवटीपाशी थांबला.

"अर्ध्यावर काय थांबलीस? पुढचं बोल. पूर्वी माझ्या आज्यापर्यंत जायचीस."

काकी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते ऋतिकाला सांगता आलं नसतं. भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी पाणी एकाच वेळी आत येतं आणि बाहेर जातं, तसं काहीतरी. मग हात खाली आला. कमरेवर गेला.

"आज्याला कशाला मधी आणू," काकी सावकाश, शब्द चाचपत म्हणाली. "तुझा आजा देवमाणूस होता. तूच अशी कशी निपजलीस कोण जाणे." थांबली. ऋतिकाचं तोंड बघून तिला धीर आला असावा. "आणि हा चिरडलेला आता कोण भरणार? मी?"

"विनोदला सांग. त्याला उचलायची हौस आहे."

मागच्यांपैकी कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. काकी हसली नाही. टोपली उतरवून ती रॅम्पवर चढली, कडेकडेनं, उरलेला जवळा वाचवत, आणि ऋतिकाजवळ येऊन तिच्या कोपराभोवतीचे फास सोडवायला लागली. ऋतिकानं मदत करायला दुसरा हात उचलला तर तिनं त्यावर फाटकन मारलं.

"हात लावू नको. फाडशील. आमच्या लवूचं नवं जाळं आहे ते."

जाळ्यासाठी आली होती. माझ्यासाठी नाही, जाळ्यासाठी. ऋतिकानं हात मांडीवर ठेवला. त्याच्यावर काकीची बोटं उठत होती.

खुर्ची सरळ करून उरलेला उतारही तिनं जवळ्यातूनच काढला. खाली पाखाडीच्या सिमेंटवर चाकं टेकली तेव्हा कुर्त्याची डावी बाही कोपरापर्यंत गुलाबी झाली होती. ती थांबली नाही. मागून काकीचा आवाज आला, आता पुरता सुरात:

"उद्या पण घालणार मी जवळा. सांगून ठेवत्ये."

"मी पण उद्या जाणार."

"कुठं जातंस उद्या?"

हे तिनं ठरवलेलं नव्हतं. उद्या कुठेच जायचं नव्हतं. "बघते," ती वळून न बघता म्हणाली. "कुठे तरी जाईन."

पाखाडी लांब होती आणि तिला त्याचं बरं वाटत होतं. तळवे झोंबत होते. काहीतरी छातीत बसलं होतं, आणि ते काय आहे हे शोधायला ती दोन घरं पुढे गेली तेव्हा कुठे सापडलं: माझं चुकलं. कोणाचे तरी सकाळचे कष्ट मी चिरडले, जाणूनबुजून, आणि ते माझ्या नावावर आहे, विनोदच्या नाही, देवाच्या नाही, क्षयाच्या नाही. माफी मागावी का? मागेन, कदाचित. आज नाही. आज ते जरा जवळ ठेवू दे.

मागे काहीतरी हालचाल होती म्हणून तिनं अखेर मान वळवली. वाडीतली मांजरं होती, चाकांच्या वासावर निघालेली, अंतर राखून, शांत चेहऱ्यानं, एखाद्या शिष्टमंडळासारखी. त्यांना हाकलण्यात अर्थ नव्हता. नाक्यावर गाडीचं दार उघडं दिसत होतं, अक्षयाताई हात हलवत होती, मग तो हात मध्येच थांबला आणि ती मांजरांकडे बघायला लागली.

गाडीत वास भरेल. पालीपर्यंत, आणि पुढे गंगारामच्या माजघरापर्यंत जाईल. तो भिंतीकडे तोंड करून निजलेला असेल, आणि त्याच्या दारात मी, आपली आपण बाहेर पडलेली, बाहीला जवळा लागलेली. मी तुमच्या भावना समजू शकते... ते तर गेलंच, जाळ्यातच कुठे तरी राहिलं. तुम्ही एकटे नाही. हेही नको. तिनं चाकं रेटत दुसरं एखादं वाक्य चाचपून बघितलं, मग तिसरं, आणि तिच्या लक्षात आलं की डोक्यात येतंय ते प्रत्येक वाक्य मैना काकीच्या आवाजात येतंय, कमरेवर हात ठेवून, आज्यापासून सुरू होतंय. न पाहिलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत असं कोणी बोलतं का? गंगाराम, ती मनात म्हणाली. आणि मग पुन्हा, जरा मोठ्यानं: ए गंगाराम.